पांढऱ्या भिंतींचा भाव

घराचा भाव कशानं वाढतो, हे मला कोणी विचारत नाही. विचारलं तरी मी सांगत नाही, कारण माझं उत्तर ऐकून लोक हसतात आणि मग मला राग येतो. पण एका उन्हाळ्यात आमच्या अमरावतीच्या वस्तीत दुसरा विषयच नव्हता. पारावर तेच, अंगणात तेच, आणि आमच्या घरात तर त्यापायी आई इतकी धुमसत होती की वरणात मीठ आहे की नाही हे पहिल्या घासाशिवाय कळायचं नाही.

आमची वस्ती म्हणजे कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेची वावरं मोडून पाडलेले प्लॉट. राहायला कचेरीतले कारकून, शाळामास्तर, दोन-तीन पेन्शनर, आणि पोरांच्या शिक्षणासाठी खेड्यातून येऊन घर बांधलेले काही वावरवाले शेतकरी. घरं नवी होती, पण माणसं आपापली जुनी सवय घेऊनच आली होती. समोरच्या भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या, दारात सरपणाला आणलेल्या पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग, त्याच्यावर चढलेली शेळी, ओट्यावर कुरडयांची खाट, आणि खाटेवर राखण करत बसलेली एखादी पोट्टी. ती पोट्टी बहुतेक वेळा मीच असायची, आणि कुरडया ओल्या असतानाच फस्त करायची.

आमच्या ओळीच्या टोकाला एक पेन्शनर राहत. सरकारनं त्यांना रावसाहेब केलं होतं आणि तेव्हापासून ते घरातही कोट घालत, असं त्यांची सूनच सांगायची. त्या वेळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे शहाणपण म्हटलं की ते नागपूरहूनच यायचं. रावसाहेब एका लग्नाला नागपूरला गेले, तिथं त्यांनी साहेबलोकांचे बंगले पाहिले, आणि परत आले ते बिघडूनच. एकसारखी पांढरी कुंपणं, एकसारखी फाटकं, रस्त्यावरून कुठं एक लुगडं वाळताना दिसत नाही! त्यांनी वस्तीतले सगळे पुरुष गोळा केले आणि सांगितलं की घराचा भाव आत राहणारा ठरवत नाही, रस्त्यानं जाणारा ठरवतो. हे वाक्य लोकांना फार आवडलं. त्याच बैठकीत एक मंडळ निघालं, आणि अक्षर चांगलं म्हणून माझे बाबा त्याचे सेक्रेटरी झाले.

बाबांचं अक्षर चांगलं होतं हे खरं, पण त्यांच्या उत्साहाचं कारण वेगळं होतं. त्यांची अकोल्याच्या कचेरीत बदली झाली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी हजर व्हायचं होतं. अकोल्याला त्यांनी गावाबाहेर एक प्लॉटही पाहून ठेवला होता. अमरावतीचं घर चांगल्या भावात विकायचं, तिकडे त्याहून मोठं बांधायचं, असा सगळा बेत त्यांनी मनात पक्का केला होता, आणि एका संध्याकाळी जेवताना तो आम्हाला सांगून टाकला. आई वाढत होती. तिनं फक्त विचारलं, तिकडलं पाणी कसं आहे. बाबा म्हणाले, पुढंमागं नळ येणार आहेत. आई भात वाढायचं विसरली.

आईला भाताचा विसर का पडला हे कळायला तिचं माहेर माहीत पाहिजे. ती अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली. जमीन अशी काळी की बघत राहावं, पण विहीर खणली की खारं पाणी. तिथं साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही, आणि दारात लावलेलं फुलझाड आठ दिवसांत माना टाकतं. प्यायचं पाणी लांबच्या गावाहून बैलबंडीत घागरी भरून आणायचे. पाहुणा आला की त्याला ते गोड पाणी द्यायचं आणि घरच्यांनी खारं प्यायचं. लग्न होऊन आई अमरावतीला आली आणि पहिल्याच दिवशी तिनं लावलेली डाळ बघता बघता गळून गेली. आपलंच काही चुकलं असं वाटून नवी नवरी चुलीपुढं रडायला लागली होती. ही गोष्ट आजी सगळ्यांना हसून सांगायची, आणि आईसुद्धा हसायची.

पुढं बाबांनी हे घर बांधलं तेव्हा विहीर अंगणात, अगदी समोर लागली. पाणी असं गोड की शेजारच्या बायका डाळीपुरतं आमच्याकडून न्यायच्या, स्वतःची विहीर असून. त्या पाण्यावर आईनं विहिरीपासून फाटकापर्यंत मांडव घातला होता. त्यावर दोडकी, कारली, एका बाजूनं जाई. भर वैशाखात तिथं बसलं की अंग निवायचं. आईचं सगळं बसणं-उठणं, भाजी निवडणं, मला बदडणं त्या मांडवाखालीच चालायचं.

मंडळाचे नियम बाबांनी सुवाच्य अक्षरात लिहिले आणि घरोघर वाचून दाखवायला निघाले. मी दौत धरून मागं. भिंतीवर गोवऱ्या नकोत. दारात पऱ्हाटी नको. बंडी, शेळी, म्हैस, खाट, कुरडई, लुगडं, यातलं काहीही रस्त्यावरून दिसता कामा नये. भिंती पांढऱ्या, खाली गेरूचा पट्टा नाही, पार जमिनीपर्यंत पांढऱ्या. विहिरीवर झाकण. आणि समोरच्या अंगणात वेल, मांडव, भाजीपाला असलं खेडवळ काही नको.

लोकांनी माना डोलावल्या आणि आपल्याला हवं ते केलं. रावसाहेब दर रविवारी संध्याकाळी काठी घेऊन फेरी मारायचे. त्यामुळे रविवारी दुपारपासून वस्तीत धावपळ. खाटा आत, शेळ्या मागं, पऱ्हाटी पोत्यांखाली. एका मास्तरांच्या घरी तर म्हैस स्वयंपाकघरात उभी केली होती आणि फेरी चालू असताना ती हंबरली. मास्तरांनी रावसाहेबांपुढं जोरात खोकून वेळ मारून नेली. गोवऱ्यांचं मात्र भांडण झालं. लोकांनी त्या मागच्या भिंतीवर थापल्या, आणि आमची मागची भिंत म्हणजे पलीकडच्या ओळीचं समोरचं दृश्य. पलीकडचे म्हणाले, आमचा भाव पडून राहिला. आमचे म्हणाले, मग तुम्ही डोळे मिटून बसा. हा वाद मंडळात तीन बैठका चालला आणि शेवटी ठरलं की गोवऱ्या थापाव्यात, पण त्यांना चुना लावावा. कोणी लावला नाही, हे सांगायला नको.

आमच्या घरी असली पळवाट नव्हती. सेक्रेटरीच्याच दारात मांडव, हे बरं दिसत नव्हतं. एका सकाळी बाबा विळा घेऊन उभे राहिले. मग त्यांनी आईकडे न बघता वेल कापले. लोंबणारी कोवळी दोडकी आईनं पदरात गोळा केली, त्यांची भाजी केली आणि स्वतः खाल्ली नाही. मी मात्र दोनदा घेतली, आणि वर म्हणाले की मांडव गेला तर आता ऊन लागतं. त्यावर दोघांनीही मला दटावलं.

भिंतींना चुना लावायचं काम आई, मी आणि एक शेजारीण असं आम्ही मिळून केलं. रावसाहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, तुळशीवृंदावन राहिलं. तेही पांढरं झालं. चुना आत मातीत सांडला आणि तुळस करपून गेली. आईनं दुसरं रोप आणून लावलं, तेही चुन्यानं मेलं. मग ते तसंच राहिलं.

दरम्यान वस्तीतलं एक घर खरंच चांगल्या भावात विकलं गेलं. घेणाऱ्याची मुलगी शेजारच्याच घरात दिली होती, तिच्या बाळंतपणाला जवळ असावं म्हणून त्यानं मागितली ती किंमत दिली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. तरी रावसाहेबांनी ते घर मंडळाच्या नावावर जमा केलं आणि बाबा घरी येऊन म्हणाले, बघा, नियमांचा गुण येऊन राहिला.

आमच्या घराला गिऱ्हाईक आलं ते खारपाणपट्ट्यातूनच. आईच्या माहेराजवळचं नव्हे, पण तसंच गाव. वावरवाले सुखवस्तू लोक, पोरांना अमरावतीच्या शाळेत घालायचं होतं. रविवारी येतो असा निरोप आला. बाबांना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी अंगण झाडून घेतलं, भिंतींना आणखी एक हात मारून घेतला, आणि शेवटी त्यांच्या डोक्यात आलं की विहिरीपण स्वच्छ दिसल्या पाहिजेत. म्युनिसिपालिटीचा माणूस उन्हाळ्यात पटकीच्या भीतीनं विहिरींत लाल दवा टाकायचा. बाबांनी त्याला आदल्या दिवशी आग्रहानं बोलावलं आणि आमच्या ओळीतल्या सगळ्या विहिरींत दवा टाकून घेतली. पाणी जांभळं-गुलाबी झालं. दोन दिवस कोणी पिऊ शकत नाही, पण दवा टाकलेली विहीर म्हणजे सुधारलेल्या वस्तीची खूण, असं बाबांचं म्हणणं. प्यायला आम्ही आधीच माठ भरून ठेवले होते.

पाहुणे टांग्यातून उतरले. घराचा मालक होऊ पाहणारा माणूस सालस, बोलायला कमी. बोलणारी होती ती त्याची आई. नव्वारीचा काष्टा, हातात काठी, आणि डोळे असे की बाबांनी आपोआप टोपी सरळ केली. म्हातारी फाटकातच थांबली. तिनं वरपासून खालपर्यंत पांढऱ्याफेक भिंती पाहिल्या, उघडं अंगण पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

तिच्या गावी भिंत खालून पांढरी दिसली म्हणजे एकच अर्थ. जमिनीतला खार भिंतीत चढला. आणि कोणी घर विकायला काढलं की आधी त्या खारावर चुना मारतो. म्हातारीनं वाकून भिंतीचा पोपडा नखानं खरवडला आणि चक्क जिभेला लावला. बाबा बघतच राहिले. ती थुंकली आणि मुलाला म्हणाली की काही समजत नाही, चुना चुन्यासारखाच लागून राहिला.

मग ती अंगणात फिरली. विहीर एवढी दारात असून एक वेल नाही, एक फूल नाही, कोथिंबिरीची काडी नाही? बाबांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की मंडळाचा नियम आहे. असला नियम कोणी करत असेल यावर तिचा विश्वास बसला नाही, आणि तिला मी आजही दोष देत नाही. ती वृंदावनापाशी गेली, करपलेली तुळस पाहिली आणि हात जोडले. मग म्हणाली, विहिरीचं झाकण काढा. बाबांनी काढलं, बादली सोडली, वर आलं ते गुलाबी पाणी. बाबा लाल दवेचं समजावून सांगायला लागले. म्हातारीनं ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं की नेमकी कालच कावून टाकली, म्हणजे का टाकली.

मी माठातलं पाणी आणून दिलं. तिनं पेला हातात घेतला, पण न पिताच ओट्यावर ठेवला. पाहुण्याला माठातलं गोड पाणी द्यायचं हे तिच्या घरीही चालतच असणार. शेजारच्या विहिरी पाहू म्हटलं तर तिथंही तेच गुलाबी पाणी. इतक्यात रावसाहेब कोट घालून आले आणि त्यांनी पाणी गोड असल्याची ग्वाही दिली. त्यांच्यामागून मास्तर आले, त्यांनी तेच सांगितलं, शब्दही तेच. म्हातारी मुलाकडे वळून म्हणाली की सगळे पढवल्यासारखे बोलून राहिले. ज्या ज्या गोष्टीनं भाव वाढायचा होता, ती एकेक करून बाबांच्या अंगावर उलटत होती, आणि मला खरं सांगायचं तर हसू आवरत नव्हतं.

आई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हातारी तिच्याजवळ गेली. बाकी कोणाकडे न बघता तिनं आईचा हात धरला आणि आई कुठली आहे हे विचारून घेतलं. आईनं गावाचं नाव सांगितलं, तशी म्हातारीनं तिचा हात आणखी घट्ट धरला.

"मंग तुले सांगाचं काय, बाई. आपल्यातलीच हायेस तू. माहा जनम खाऱ्या पाण्यात गेला, आता नातवाईले तरी गोड पाणी पाजाव म्हणतो. गड्यामाणसाईचं मी काई ऐकत नाई. तू सांग. गोड हाये का खारं?"

माझं हसू तिथल्या तिथं थांबलं. आईच्या तोंडून "खारं" एवढा एक शब्द निघाला असता तर टांगा आल्या वाटेनं परत गेला असता. घर राहिलं असतं, विहीर राहिली असती. बाबा आईकडे बघत होते, त्यांना त्यात काही धोका आहे याची कल्पनाही नव्हती. मला होती. मी मनात म्हणत होते, म्हण, आई, खारं म्हण, कोणाचं काय जातं.

आईनं विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "गोड हाये, मावशी. या पाण्यात डाळ अशी शिजते का बस." आणि तिला पुढं बोलवेना. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि पदर तोंडाला लावून ती आत गेली.

म्हातारीनं काठी टेकली आणि मुलाला चल म्हणाली. फाटकाशी तिनं बाबांना थांबवलं. तिचा आवाज रागाचा नव्हता, पण बाबांच्या तोंडावर थप्पड बसावी असं ती बोलली. "बिचारीले खोटं बोलाले लावलं तुमी. देवाले तं भ्याव, बाप्पा." टांगा निघून गेला.

मंडळाची माणसं थोडा वेळ घोटाळली. चुना जरा पातळ पडला, दुसऱ्या खेपेला घट्ट कालवावा, असं रावसाहेबांनी मत दिलं आणि ते फेरीला निघाले. बाकीचे आपापल्या खाटा आत ओढायला पळाले.

बाबा ओट्यावर बसून राहिले. दिवेलागण झाली तेव्हा आई दिवा घेऊन बाहेर आली. बाबांचं मंडळातलं शुद्ध बोलणं तोवर कुठच्या कुठं गेलं होतं.

"रडाले काय झालं होतं तुले? खरं होतं थे सांगितलं, आणि वरून रडली. सौदा बुडाला न."

"खरं होतं म्हणूनच रडू आलं," आई म्हणाली. "गोड पाणी सोडून पुन्हा खाऱ्यात जा लागन म्हणून."

"मंग नोयतं इकाचं तं आधी कावून नाई बोलली?"

आईनं दिवा कोनाड्यात ठेवला. तिचा आवाज चढला नाही. "तुमी मले इचारलं कवा? तुमी नियम वाचून दाखवले."

बाबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली. कचेरीत साहेबापुढं ते कधी इतके गोंधळले नसतील. शेवटी अंगणाकडे बघत त्यांनी विचारलं, "मंग आता इचारतो. इकू का नको?"

"नका इकू," आई म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले. ते अकोल्याला एकटे जातील आणि शनिवारी शनिवारी येतील, हेही तिथंच ठरलं.

एवढंच. एवढं दोघांना एका वाक्यात उरकता येत होतं, आणि त्यापायी मी सगळा उन्हाळा हातांची सालं निघेपर्यंत चुना कालवला होता. मला दोघांचाही असा संताप आला की मी उभ्या उभ्या मोठ्यानं रडायला लागले. तर दोघंही धावत माझ्याजवळ आले आणि काकुळतीला येऊन मलाच विचारायला लागले, काय झालं, बाई, बोल न, काय पाहिजे तुले.